‘वेंधळी’ म्हणण्यापूर्वी

केज तालुक्यातील एक बाई मागच्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत तीनदा येऊन गेली. वय छत्तीस. तक्रारी दरवेळी त्याच: डोके जड, छातीत धडधड, झोप नाही, काही लक्षात राहत नाही. रक्त तपासले, हिमोग्लोबिन थोडे कमी होते. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगितले आणि पुढचा केसपेपर हातात घेतला. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली होती, ‘साहेब, डोक्यात समदं एकदमच चालू असतंय, पर हातून एक बी काम धड होत न्हाई.’ हे वाक्य मी ऐकले, पण केसपेपरवर लिहिले नाही.

चौथ्यांदा ती आली ती मुलासाठी. नऊ वर्षांचा पोरगा वर्गात एका जागी बसत नाही म्हणून गुरुजींनी पाठवले होते. मी त्यांना मानसोपचार विभागात पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी मुलाची माहिती घेता घेता आईलाच विचारले, ‘तुम्ही लहानपणी कशा होतात?’ बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘आशीच की. फकस्त मला कुनी दवाखान्यात आनलं न्हाई.’

सविस्तर तपासणीनंतर मुलाला जे निदान झाले, तेच पुढे आईलाही झाले: एडीएचडी. (तिची आणि पुढे ज्यांचा उल्लेख येईल त्या सिस्टरची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कासरा हाती लागत नाही

एडीएचडी म्हणजे ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’. यातला ‘डेफिसिट’ म्हणजे ‘अभाव’ हा शब्द थोडा फसवा आहे. या माणसांकडे लक्ष नसते असे नाही. ते हवे तेव्हा, हवे तिथे वळवता येत नाही. बैल दमदार असावा आणि कासरा हाती लागू नये, तशी ही गत असते. आवडीचे काम मिळाले की जेवणाचे भान राहत नाही, आणि वीजबिल भरण्यासारखे दहा मिनिटांचे काम महिनाभर उद्यावर ढकलले जाते.

कामांचा क्रम लावणे, वेळेचा अंदाज घेणे, हातातली गोष्ट लक्षात ठेवणे, मनात आले ते लगेच न बोलणे, ही सगळी कामे प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेल्या यंत्रणा सांभाळतात. डोपामिन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायने त्यात महत्त्वाची. एडीएचडीमध्ये या यंत्रणांचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. कोणाचे लक्ष टिकत नाही, कोणाला स्वस्थ बसवत नाही, कोणात दोन्ही असते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसते. म्हणजे आईने लाड केले, बापाने मारले नाही किंवा मोबाइल हातात दिला, म्हणून एडीएचडी होत नाही.

जगभरातील अभ्यासांनुसार मुलांमध्ये याचे प्रमाण साधारण ५ टक्के आणि प्रौढांमध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाखांहून अधिक होती. हे प्रमाण अंदाजापुरते लावले, तरी आपल्या जिल्ह्यातील अशा प्रौढ स्त्रियांची संख्या हजारोंत जाते. त्यांच्यापैकी किती जणींना आपल्या त्रासाचे नाव माहीत असेल?

मुली नजरेतून का सुटतात?

१९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्याच्यासमोर बहुतांश मुलगेच होते. पुढे अनेक दशके डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र राहिले: बाकावर उड्या मारणारा, दुसऱ्याची वही ओढणारा मुलगा. आजही लहान वयात निदान होणाऱ्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा कितीतरी जास्त असते. मोठेपणी मात्र स्त्री-पुरुषांतले हे अंतर बरेच कमी होते. मग मधल्या वर्षांत या मुली होत्या कुठे?

त्या वर्गातच होत्या. खिडकीबाहेर पाहत शांत बसल्या होत्या. मुलींमध्ये लक्ष न टिकण्याचा प्रकार अधिक आढळतो, आणि खिडकीबाहेर पाहणारी मुलगी कोणाच्या शिकवण्यात अडथळा आणत नाही. शिवाय आपली उणीव झाकायला मुली लवकर शिकतात. विसरू नये म्हणून तळहातावर लिहितात, मैत्रिणीची वही उतरवतात, इतरांच्या दुप्पट वेळ बसून अभ्यास पुरा करतात. बाहेरून सगळे ठीक दिसते. आतून मुलगी दमलेली असते आणि ‘आपणच मठ्ठ’ हे तिने मनाशी धरलेले असते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षांच्या दर दहा स्त्रियांमागे चारहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. त्यामागे गरिबी आहे, ऊसतोडीचे स्थलांतर आहे, मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती आहे. पण लग्न ठरवताना घरात उच्चारले जाणारे एक वाक्य मी अनेकदा ऐकले आहे: ‘तसं बी तिचं शाळेत लक्ष न्हाई.’ मुलाचे लक्ष नसले तर त्याला शिकवणी लावतात. मुलीचे लक्ष नसले तर स्थळ पाहतात. लक्ष का नाही, हा प्रश्न दोघांच्याही बाबतीत राहून जातो. त्याची किंमत मात्र मुलगी लवकर चुकती करते.

लग्नानंतर तर खरी परीक्षा. पहाटे पाण्याची वेळ, चुलीवरचे दूध, मुलांचे डबे, शेळ्यांचा चारा, सासऱ्यांची बीपीची गोळी, गटाचा हप्ता. संसार म्हणजे एकाच वेळी वीस गोष्टी ध्यानात ठेवणे, आणि एडीएचडी असलेल्या मेंदूला नेमके तेच जड जाते. पुरुष गाडीची चावी विसरला तर फक्त चावी हरवते. बाईचे दूध उतू गेले तर तिचे माहेर निघते. वेंधळी, धांदरट, अर्धवट, ‘पायाला भिंगरी लागलेली’ ही विशेषणे वीस-पंचवीस वर्षे कानावर पडली की ती तिला स्वतःचा स्वभाव वाटू लागतात.

याचे परिणाम शब्दांपुरते राहत नाहीत. अमेरिकेतील बर्कली येथे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांनी एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता असे दोन्ही त्रास असलेल्या मुलींपैकी २२ टक्के जणींनी त्या काळात आत्महत्येचा प्रयत्न केला होता. एडीएचडी नसलेल्या मुलींमध्ये हे प्रमाण ६ टक्के होते. ब्रिटनमध्ये २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, एडीएचडीचे निदान झालेल्या स्त्रियांचे सरासरी आयुर्मान इतर स्त्रियांपेक्षा सुमारे साडेआठ वर्षांनी कमी असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांत ही घट पावणेसात वर्षांची होती. एडीएचडीमुळे थेट मृत्यू येत नाही. अपघात, व्यसन, नैराश्य, दुर्लक्षित मधुमेह-रक्तदाब आणि वेळेवर न मिळालेली मदत, अशा गोष्टी मिळून आयुष्य कमी करत असाव्यात असे संशोधकांना वाटते.

गुण खरे आहेत, पण...

हे सगळे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. या स्त्रियांमध्ये काही गुण उठून दिसतात, आणि ती केवळ समजूत घालण्याची भाषा नाही.

ओळखीच्या एका सरकारी रुग्णालयातील सिस्टरचे उदाहरण देतो. रजिस्टर अपुरे, इंडेंट बुक रखडलेले, ड्युटीवर दहा मिनिटे उशीर. या कारणांवरून तिला वरचेवर मेमो मिळायचे. पण रात्री दोन वाजता अपघातातील पाच जखमी एकदम आले की त्याच सिस्टरकडे सगळे पाहत. कोणाला आधी सलाइन, कोणाला आधी एक्स-रे, कोणाचा श्वास बदलला, हे तिला एका नजरेत कळे. आजूबाजूला गोंधळ वाढला की ती शांत होत जायची. निदान झाल्यावर एका समजूतदार इन्चार्ज सिस्टरने एवढेच केले: तिची ड्युटी जास्तीत जास्त अपघात विभागात लावली आणि नोंदी जागच्या जागी पूर्ण करून घ्यायला एक सहकारी जोडून दिली. मेमो थांबले.

संशोधनही आता या बाजूकडे वळले आहे. २०१९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एडीएचडी असूनही यशस्वी झालेल्या प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांतून कल्पकता, धाडस, ऊर्जा, माणुसकी, पडून पुन्हा उभे राहण्याची चिवटता असे गुण पुढे आले. पण त्या सहाही मुलाखती पुरुषांच्या होत्या! आजारात जशा स्त्रिया दिसल्या नाहीत, तशा गुणांतही सुरुवातीला दिसल्या नाहीत. २०२५ मध्ये ब्रिटनमधील २०० एडीएचडी असलेल्या आणि २०० नसलेल्या प्रौढांची तुलना प्रसिद्ध झाली. एखाद्या कामात पूर्ण बुडून जाणे, विनोदबुद्धी, सर्जनशीलता हे आपले गुण असल्याचे एडीएचडी असलेल्यांनी अधिक ठामपणे नोंदवले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की दोन्ही गटांत ज्यांना आपले गुण माहीत होते आणि जे ते रोजच्या जगण्यात वापरत होते, त्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले होते.

अभिनेत्री आलिया भट्ट यांनी २०२४ मध्ये मुलाखतीत आपल्या एडीएचडीबद्दल सांगितले. कॅमेऱ्यासमोर आणि आपल्या मुलीसोबत असताना मन सर्वाधिक एकाग्र असते, असा त्यांचा अनुभव होता. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकली. त्यानंतर काही आठवड्यांत हॅकरांनी त्यांची वैद्यकीय कागदपत्रे फोडली. तेव्हा त्यांनी स्वतःच जाहीर केले, की आपल्याला लहानपणापासून एडीएचडी आहे, आपण त्यासाठी औषध घेतो आणि यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

अशा उदाहरणांमुळे समाजमाध्यमांवर एडीएचडीला ‘सुपरपॉवर’ म्हणण्याची टूम निघाली आहे. त्यामागची भावना मला समजते. आयुष्यभर नावे ठेवून घेतलेल्या बाईला कोणी ‘तुझ्यात काही खास आहे’ म्हटले तर तिचा कणा ताठ होतो. पण डॉक्टर म्हणून मला या शब्दाची धास्ती वाटते. वरची तिन्ही उदाहरणे नीट पाहा. बाइल्स यांना औषध आणि प्रशिक्षक होते, अभिनेत्रीच्या कामाचे वेळापत्रक सांभाळणारी माणसे असतात, आणि सिस्टरला तिची इन्चार्ज भेटली. गुण तिघींचाही स्वतःचा. पण तो वर आला, कारण उरलेला भार कोणीतरी उचलला होता.

आता आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी बाई डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पहाटे कोपीत स्वयंपाक, दिवसभर फडात तोडणी, डोक्यावर मोळी, रात्री पुन्हा चूल. एडीएचडी असलेल्या माणसांना अपघात जास्त होतात हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि इथे तर हातात धारदार कोयता. तिला ‘तुझ्यात सुपरपॉवर आहे’ असे सांगून आपण काय देतो? तिच्या गुणांना वाव देणारी एक फटही त्या दिवसात नसते. गुणांचे कौतुक मदतीच्या जोडीला यायला हवे. मदतीऐवजी आले तर तेही दुर्लक्षच ठरते.

सगळा विसराळूपणा एडीएचडी नसतो

हा लेख वाचून अनेक जणींना ‘हे तर माझंच वर्णन’ असे वाटेल. म्हणून एक महत्त्वाची खूण सांगतो. एडीएचडी मोठेपणी अचानक सुरू होत नाही. २०१३ च्या निदान-निकषांनुसार त्याची लक्षणे बाराव्या वर्षाआधी दिसायला हवीत, घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यामुळे जगण्यात खरा अडथळा यायला हवा.

पस्तिशीनंतर नव्याने विसरायला होत असेल तर आधी दुसरी कारणे शोधावी लागतात: रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य, घरातील मारहाण. आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा लागतो: गर्भपिशवी काढली आहे का? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडमधील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पिशवीसोबत दोन्ही बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते. इस्ट्रोजेनचा डोपामिनच्या कामाशी संबंध असल्याने लक्ष, स्मरण आणि झोप यांवर परिणाम होऊ शकतो. अशा बाईला एडीएचडीचे लेबल लावणे चूक, आणि ‘वय झालं’ म्हणून परत पाठवणे त्याहून मोठी चूक. उलट जिला मुळातच एडीएचडी आहे, तिचा त्रास पाळीआधीच्या दिवसांत किंवा पाळी जाण्याच्या वयात वाढू शकतो. म्हणून पाळीची माहिती डॉक्टरांना न संकोचता सांगावी.

काय करता येईल?

पहिली पायरी मानसोपचारतज्ज्ञांची. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येईल. जाणे शक्य नसेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता याच क्रमांकावर फोन करावा आणि घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगावे.

निदान प्रश्न विचारून होते. रक्ताची किंवा मेंदूच्या स्कॅनची अशी एकही तपासणी नाही, जी एडीएचडी ‘दाखवते’. मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे अनेकांना उपयोगी पडतात. पण ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, आधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी व्हावी, आणि गरोदर असल्यास किंवा मूल हवे असल्यास ते आधी सांगावे. ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

घरात करण्यासारखे बरेच आहे. चावी, चष्मा, गोळ्या यांची एकच ठरलेली जागा. दूध गॅसवर ठेवले की मोबाइलचा गजर. मोठे काम लहान तुकड्यांत, आणि कोणाच्या तरी सोबतीने. बोलून सांगितलेले काम भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहूनही ठेवणे. पुरेशी झोप. आणि एक यादी: मला न सांगता, न ढकलता कोणती तीन कामे उत्तम जमतात? ती कामे तिच्याकडे जास्त आणि उरलेली वाटून घेणे, ही नवऱ्याने आणि घराने करायची गोष्ट आहे.

शासनाकडेही यंत्रणा आहे. तिची नजर थोडी वळवायला हवी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या ३० आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. पथक शाळेत आले की गुरुजी दंगा करणारी मुले पुढे करतात. पथकाने आणखी एक प्रश्न विचारावा: ‘हुशार वाटते, पण वही अपुरी राहते, अशी शांत मुलगी कोण?’ हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेलेल्या मुली तपासणीच्या दिवशी शाळेत नसतात; त्या परतल्यावर त्यांची वेगळी तपासणी व्हावी. आणि ज्या मुलाचे निदान होईल, त्याच्या आईवडिलांचीही चौकशी त्याच केसपेपरवर व्हावी. याला नवा निधी फारसा लागत नाही.

केजची ती बाई आता औषध घेते. पूर्वी शेवया, पापड, मसाला, शिवणकाम, शेळ्या असे पाच उद्योग तिने एकापाठोपाठ एक सुरू करून सोडले होते, आणि सासू ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ म्हणायची. आता बचत गटाने एकच ठरवले: मसाला. वही जाऊबाईंकडे, विक्री हिच्याकडे. प्रदर्शनात अनोळखी गिऱ्हाइकाला थांबवून, हसवून, चव देऊन माल खपवण्यात तिचा हात धरणारी दुसरी कोणी गटात नाही. दूध अजूनही अधूनमधून उतू जाते. सासू आता नावे ठेवण्याआधी हाक मारते.

मीही माझ्या ओपीडीत एक बदल केला आहे. ‘डोकं जड’, ‘काही ध्यानात राहत नाही’ असे सांगणारी बाई समोर बसली की रक्ताची चिठ्ठी लिहिण्याआधी तिला विचारतो, ‘लहानपणी कशा होतात तुम्ही?’ या प्रश्नाला अर्धे मिनिट लागते. उत्तर ऐकायला थोडा अधिक वेळ लागतो. तो मी आता देतो.